नाडीवरचं बोट

(कामथडी, तालुका भोर येथील समाजमंदिरात जयंतीच्या दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीट करून.)



काल मिरवणुकीत तुम्ही ज्या ठोक्यांवर नाचलात ते अजून माझ्या छातीत वाजतायत. आज मी दुसऱ्या ठोक्यांवर बोलणार आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा. दाबू नका, नुसती टेकवा. लागले का? मिनिटाला साठ ते शंभर. भटाच्या मनगटात तेवढेच, आपल्या मनगटात तेवढेच. हे कळायला मोठं शास्त्र लागत नाही, बोट टेकवावं लागतं. आणि या देशात अडचण तिथंच होती. बोट टेकवायचं कुणी?

मी गोदीत कंत्राटावर माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. चार कविता छापून आल्या म्हणून तुम्ही बोलावलंत आणि कविता म्हण म्हणालात. कविता म्हणणार नाही. वस्तीत माझ्याबद्दल एक गोष्ट फिरतेय, तिचं उत्तर द्यायचंय. गोष्ट अशी, की मुंबईला गेलेल्या पोरानं आपल्या आईला दवाखान्यात प्रयोगाला दिली. आय पुढच्याच सतरंजीवर बसलीय. जित्ती आहे. पण त्या गोष्टीत अर्धं खरं आहे, म्हणून उभा राहिलोय.

आयला धाप लागायची. डोक्यावर पाण्याची कळशी घेतली की चार पावलांवर थांबायची. रात्री झोपेतून उठून बसायची, पाय सुजायचे. एका डॉक्टरनं वर्षभर दम्याची औषधं दिली. नळी लावली ती पदरावरनं, उभ्या उभ्या. छाती नीट ऐकली असती तर त्याला ठोक्यांच्या मधली घरघर ऐकू आली असती. पुढं सरकारी दवाखान्यातल्या एका पोरसवदा डॉक्टरनं तिला डाव्या कुशीवर निजवलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, हा दमा नाही, हृदयाची झडप आखडलीय.

ही झडप कशानं आखडते ते ऐका, कारण ते तुमच्या घरातलं आहे. लहानपणी पोराचा घसा दुखतो. एका जातीच्या जंतूनं घसा आला आणि औषध झालं नाही, तर काही पोरांना दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. ताप जातो, सांधे बरे होतात, आपण विसरतो. पण तो ताप हृदयाच्या झडपेला चाटून गेलेला असतो. पुन्हा पुन्हा आला की झडप जाड होते, चिकटते, अरुंद होते. वीस-तीस वर्षांनी बाई बाळंतपणाला टेकली की धाप लागते. हा रोग कुठं जास्त? जिथं एका खोलीत दहा माणसं झोपतात, ओल असते आणि दवाखाना लांब असतो तिथं. गोऱ्यांच्या श्रीमंत देशांतनं तो जवळजवळ गेला. घरं सुधारली आणि पेनिसिलिन मिळालं म्हणून गेला. सांध्यांचा ताप एकदा येऊन गेलेल्या पोराला तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षं देत राहिलं तर झडप वाचू शकते. म्हणजे आयच्या छातीतली झडप कुणा देवीच्या कोपानं आखडली नव्हती. तिच्या लहानपणची खोली तिच्या छातीत आखडली होती.

तर शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. झडप बदलायची ठरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक जण कागदांचा गठ्ठा घेऊन आला. मला म्हणाला, तुम्ही मुलगा ना? इथं, इथं आणि इथं सही करा. कागद इंग्रजी. मी मॅट्रिक झालेला माणूस, कवी. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटली. केल्या सह्या. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा हळूच म्हणाला, शेवटचा कागद ऑपरेशनचा नव्हता पोरा, संशोधनाचा होता.

मित्रांनो, हा माझा गुन्हा. दवाखान्याचा आहे तसा माझाही आहे. आणि दोघांच्या गुन्ह्यात एक गोष्ट सारखी: दोघांनीही आयला विचारलं नाही. ती शुद्धीवर होती, दोन हातांवर बसली होती. शरीर तिचं, आणि सही मागितली पोराची. मीही दिली, बाप्यासारखी.

त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यावर बसून मी जे डोक्यात घोळवलं आणि नंतर वाचनालयात बसून जे वाचलं, ते तुमच्यापुढं मांडतो.

आधी भूल म्हणजे काय. आम्हाला गोदीत जुनी माणसं पहिल्या आठवड्यात शिकवतात, की जहाजाच्या पोटात भंगार, कोळसा किंवा लाकूड बंद होऊन आलेलं असेल तर झाकण उघडल्या उघडल्या उतरायचं नाही. तो माल हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. हवेत तो शंभराला एकवीस भाग असतो. तो पार खाली आलेला असला तर दोन-चार श्वासांत माणूस आडवा. वास नाही, दुखत नाही, ओरडायला वेळ नाही. म्हणजे बेशुद्ध करणं सोपं आहे, ते जहाजाचं पोटसुद्धा करतं. अवघड आहे ते बेशुद्ध माणसाला जिवंत ठेवणं आणि परत आणणं. भूलतज्ज्ञाचं काम ते आहे. निजवायचे पैसे नसतात, उठवायचे असतात.

१६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेत बोस्टनच्या दवाखान्यात मॉर्टन नावाच्या दातांच्या डॉक्टरनं ईथरची वाफ देऊन माणूस निजवला आणि सर्जननं त्याच्या मानेवरची गाठ काढली. त्याआधी ऑपरेशन म्हणजे दांडगी माणसं रोग्याला दाबून धरायची आणि सर्जन जमेल तितक्या घाईनं कापायचा. पुढच्या मार्चमध्ये, २२ मार्च १८४७ ला, ईथर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पोचलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या सिम्प्सननं क्लोरोफॉर्म आणलं. गोड वास, पटकन असर.

आणि २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची गरीब पोर क्लोरोफॉर्मखाली मेली. ऑपरेशन कसलं? पायाच्या बोटाचं नख काढायचं. ती घाबरली होती, हुंदके देत होती. दोन-तीन मिनिटांत खलास. तिच्यापासून पन्नास-साठ वर्षं डॉक्टर भांडत राहिले, की क्लोरोफॉर्म श्वास थांबवून मारतं की हृदय थांबवून.

त्या भांडणाचा एक मोठा आखाडा आपल्या शेजारी होता, निजामाच्या हैदराबादेत. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड सगळं त्याच राज्यात. तिथला सर्जन एडवर्ड लॉरी. त्यानं १८८८ आणि १८८९ ला दोन चौकशी मंडळं भरवली, दुसऱ्याला निजामानं पैसा दिला, लंडनहून लॉडर ब्रंटन नावाचा मोठा डॉक्टर आला. शेकडो कुत्री, माकडं, शेळ्या क्लोरोफॉर्म देऊन मारली आणि निकाल दिला: आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. लॉरीचं म्हणणं असं, की श्वासावर नजर ठेवा, नाडी बघत बसायची गरज नाही. त्याच्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी पुढं वर्षानुवर्षं क्लोरोफॉर्म देत होत्या. भूल देणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या बायांत त्यांचं नाव घेतात. हेही नोंदवून ठेवा.

पण लॉरीचा निकाल अर्धवट होता. १९११ ला लंडनच्या गुडमन लेव्हीनं दाखवलं, की क्लोरोफॉर्म हलकं दिलेलं असताना अंगात ॲड्रेनॅलिन उसळलं तर हृदयाची लय तुटते, ते पिशवीतल्या किड्यांसारखं वळवळतं आणि रक्त पुढं ढकलत नाही. ॲड्रेनॅलिन म्हणजे आपल्याच अंगातला भीतीचा रस. कुणी लाठी उगारली की जो छातीत धडधडतो तो. हॅनाच्या शवाजवळ कुणी यंत्र लावलेलं नव्हतं, तिचं नेमकं काय झालं यावर आजही डॉक्टरांत दुमत आहे. पण घाबरलेल्या माणसाला अर्धवट भूल ही जीवघेणी गोष्ट आहे, हे लेव्हीपासून पक्कं झालं. आज क्लोरोफॉर्म भुलीसाठी वापरत नाहीत.

आता हे आयला लावून बघा. तिची झडप अरुंद. अरुंद दारातनं माणसं आत यायला वेळ लागतो, तसं रक्त यायला वेळ लागतो. नाडी पळाली की तो वेळ कमी पडतो, रक्त फुफ्फुसात तुंबतं. म्हणजे या रोगात भीतीनं पळालेली नाडी हाच धोका. मग मला सांगा, इंग्रजी कागद पुढं सरकवणं आणि सह्या घेऊन निघून जाणं, यानं भीती वाढते की कमी होते? समजावून सांगणं ही डॉक्टरची मेहेरबानी नाही, तो उपचार आहे. हे मी गोदीवाला सांगत नाही. १९६३ ला बोस्टनमध्ये एग्बर्ट आणि त्याच्या सोबत्यांनी तपासलं: भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी रोग्याशी नीट बोलला तर रोगी जितका शांत होतो तितका झोपेच्या औषधानं होत नाही. १९६४ ला त्यांनी आणखी दाखवलं: दुखेल कुठं, किती, काय करायचं हे आधी सांगितलेल्या रोग्यांना ऑपरेशननंतर दुखण्याची औषधं जवळजवळ निम्मीच लागली. शब्दांनी. चार समजुतीच्या शब्दांनी.

आणि आपल्याला काय मिळत होतं? बाबासाहेबांनी लिहून ठेवलेलं एक प्रकरण आहे. १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आलेलं पत्र, काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराचं. त्याची बायको बाळंतीण, आजारी. हिंदू डॉक्टर यायला तयार नव्हता. आला तर वस्तीबाहेर थांबला. बाईला दोन दिवसांच्या लेकरासकट बाहेर आणवलं. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावलं आणि त्याच वाटेनं परत. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात बघून सांगितलं, न्यूमोनिया आहे. बोट टेकवलं नाही. बाई मेली.

उलटं उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातलं. १८९७ चा प्लेग. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेतलं आणि डॉक्टर असलेल्या आपल्या यशवंताच्या दवाखान्यात आणलं. स्वतःला प्लेग झाला, १० मार्चला गेल्या. एक डॉक्टर ताप मोजताना शिवत नाही आणि एक मास्तरीण मरण पाठीवर घेते. वैद्यकाचा इतिहास लिहायचा तर ही दोन पानं समोरासमोर ठेवून लिहा.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रयोगाला शिवतात ते बरं शिवतात! खरं आहे, आणि यावरच वस्तीचा राग आहे. अमेरिकेत अलाबामात मॅरियन सिम्स नावाच्या सर्जननं १८४५ ते १८४९ या काळात गुलाम काळ्या बायांवर प्रयोग केले. ॲनार्का, ल्यूसी, बेट्सी. तीन नावं उरली, बाकीच्यांची उरली नाहीत. ॲनार्कावर तीसेक ऑपरेशनं, भूल न देता. यातली पुढची काही वर्षं ईथर जगाला माहीत झालेलं होतं. परवानगी मालकाची. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधनं हलला तो २०१८ ला. ज्यांचं नाव १९७२ ला आपल्या पोरांनी मुंबईत घेतलं त्या ब्लॅक पँथरनी फुकट दवाखाने का काढले, ते यावरनं समजा.

हृदयाचंही तसंच. २ जानेवारी १९६८ ला केपटाऊनमध्ये बर्नार्डनं क्लाइव्ह हॉप्ट नावाच्या ‘कलर्ड’ कामगाराचं हृदय ब्लायबर्ग नावाच्या गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत बसवलं. ब्लायबर्ग दीड वर्षाहून जास्त जगला. वर्णभेदाच्या त्या राज्यात हॉप्टला गोऱ्यांच्या डब्यात बसता येत नव्हतं, पण त्याचं हृदय गोऱ्याच्या छातीत बसलं. हृदयाला जात कळली नाही, कायद्याला मात्र कळत राहिली. दीडच महिन्यात, १६ फेब्रुवारी १९६८ ला, आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रोगी काही तासच जगला. पण गिरणगावच्या भोंग्यांच्या टापूत, म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात ते झालं, श्रीमंतांच्या इस्पितळात नाही, हे ध्यानात ठेवा. मेंदू मेलेल्या माणसाचं हृदय काढायला कायदा आला १९९४ ला, आणि त्याच वर्षी दिल्लीत यशस्वी रोपण झालं.

केपटाऊनच्या प्रयोगशाळेत हॅमिल्टन नाकी नावाचा काळा माणूस होता. कामाला लागला माळी म्हणून. पुढं जनावरांना भूल द्यायला शिकला, टाके घालायला शिकला, आणि शिकलेल्या सर्जनांना शिकवायला लागला. १९९१ ला निवृत्त झाला तेव्हा पेन्शन माळ्याचं. तो २००५ मध्ये वारला तेव्हा पेपरांनी छापलं, की जगातल्या पहिल्या हृदयरोपणात तो होता. ते खोटं निघालं, पेपरांना दुरुस्ती करावी लागली. दोस्तांनो, मला ही दुरुस्ती महत्त्वाची वाटते. आपल्या माणसाला मोठं करायला खोट्याची गरज नाही. खरं आहे तेवढंच व्यवस्थेला उघडं पाडायला बस्स आहे.

तर मग संशोधनापासनं पळावं का? इथं माझं तुमच्याशी भांडण आहे. ऑपरेशनच्या टेबलावर बोटाला चिमटा लावतात तो तुम्ही कोरोनात पाहिलाय. त्याची मूळ युक्ती १९७४ ची, जपानच्या ताकुओ आओयागींची. बोटातनं उजेड जातो आणि रक्तात ऑक्सिजन किती ते आकड्यात दिसतं. भुलीखाली मरणारी किती माणसं या उजेडानं राखली असतील! पण २०२० ला अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, की चिमटा ठीक आकडा दाखवत असताना रक्तात खरा ऑक्सिजन धोक्याच्या खाली, असं काळ्या रोग्यांत शंभरात सुमारे बारा वेळा घडत होतं आणि गोऱ्यांत सुमारे चार वेळा. कातडीच्या रंगानं उजेड फसत होता. का फसला? यंत्र ज्या बोटांवर जमवलं ती बोटं बहुतेक गोरी होती. म्हणजे प्रयोगात फक्त आपल्यालाच घातलं तर तो जुलूम, आणि प्रयोगातनं आपल्यालाच वगळलं तरी यंत्र आपल्याशी खोटं बोलणार. पूर्वी बोट टेकवत नव्हते. आता बोटाला चिमटा लावतात, पण चिमट्याला आपली कातडी शिकवलेली नसते.

म्हणून आपलं म्हणणं ‘प्रयोग नको’ एवढं नाही. आपलं म्हणणं: विचारा. आमच्या भाषेत विचारा. ज्याचं शरीर त्याला विचारा. कायदा आज याच बाजूला आहे. २०१७ ची आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं आणि नव्या औषधांच्या चाचण्यांचे २०१९ चे नियम वाचा. माहिती समजेल अशा भाषेत द्यायची. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. सही करून पुन्हा कधीही बाहेर पडता येतं, आणि नाही म्हणाल म्हणून उपचार थांबवता येत नाही. संशोधनामुळं इजा झाली तर औषधपाणी आणि भरपाई. नीतिसमितीत डॉक्टरांबाहेरचा सामान्य माणूसही असतो. तो सामान्य माणूस आपल्यातला का असू नये?

आता उरलेली गोष्ट. सकाळी मी परत गेलो. म्हणालो, काल मी न वाचता सही केली, ती मला मान्य नाही. वाटलं हाकलतील. भूल देणारी डॉक्टरीण आली. खाटेवर टेकली. आयचं मनगट धरलं, घड्याळात बघितलं, चांगलं मिनिटभर. मग विचारत राहिली: किती पायऱ्या चढलं की धाप लागते, दात हलतात का, मिश्री लावता का. आय आधी नाही म्हणाली, मग लाजून हो म्हणाली. मग तिनं मराठीत सांगितलं. भूल चढताना रक्तदाब पडतो. तो सावरायची दोन औषधं आहेत, दोन्ही जुनी, रोजच्या वापरातली. तुमच्यासारख्या हृदयात कुठलं बरं, ते बघायचंय. कुणाला कुठलं द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. तुमची इच्छा असेल तर.

मला तोवर पटलं होतं. मी आयकडं बघितलं, की हो म्हण.

आय म्हणाली, “बाई, तुमी चांगलं समजावलं. पर चिठ्ठीवर माजं काय ठरवू नका. आजवर समदं कुणीतरी चिठ्ठ्या टाकूनच ठरिवलंय. न्हाई.”

डॉक्टरीण म्हणाली, बरं. माझ्या सहीचा कागद काढला, त्यावर आडवी रेघ मारली, ‘रुग्णाची इच्छा नाही’ असं लिहिलं आणि आयचा अंगठा घेतला. ऑपरेशन ठरल्या वेळी झालं. झडप बसली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे, ती ती चुकवत नाही.

मी आजही म्हणतो, हो म्हणाली असती तर बरं होतं. तिच्या मागनं येणाऱ्या एखाद्या बाईला त्या आकड्यांचा उपयोग झाला असता. घरी आमचं यावर अजून भांडण होतं. पण आमच्या घराण्यात किती अंगठे उठले असतील! सावकाराच्या वहीवर, पाटलाच्या कागदावर, मुकादमाच्या हजेरीवर. सगळे ‘हो’चे. ‘नाही’वर उठलेला हा पहिला अंगठा, आणि तो मी पाहिला.

म्हणून प्रयोगाला दिली ही गोष्ट बंद करा. मी देणार होतो हे खरं. तिनं दिलं नाही हे त्याहून खरं.

आता कामाचं. ज्यांच्या पोरांचे घसे वरचेवर येतात, सांधे सुजतात, त्यांनी उद्या सकाळी नावं द्या. रविवारी मी गोदीला परतणार, त्याआधी सगळी पोरं सरकारी दवाखान्यात नेऊ. आणि दवाखान्यात कुणी कागद पुढं केला तर लाजू नका. विचारा, यात काय लिहिलंय. मी लाजलो होतो.

जय भीम.